दया नको, हक्क हवा : एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा लढा आणि आपले जुन्नर-आंबेगाव

दरवर्षी १ डिसेंबरला तालुक्याच्या गावांतून जनजागृतीची फेरी निघते. कॉलेजची मुले छातीला लाल फीत लावतात, घोषणा देतात, फोटो काढले जातात. त्या फेरीत एक माणूस मात्र सहसा दिसत नाही. ज्याच्या नावाने फेरी निघाली आहे, तोच. त्याने दिसावे अशी परिस्थिती आपण निर्माण केलेली नाही आणि तो दिसत नाही याचे कोणाला काही वाटतही नाही.

एचआयव्हीचा इतिहास आपल्याला नेहमी डॉक्टरांच्या आणि सरकारच्या बाजूने सांगितला जातो. विषाणू सापडला, औषध आले, योजना आली, रुग्ण कमी झाले. या इतिहासात एचआयव्हीसह जगणारा माणूस फक्त आकड्यात येतो. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात असे सुमारे २४ लाख लोक आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, म्हणजे जवळपास ३ लाख ९४ हजार, आपल्या महाराष्ट्रात आहेत. पण आज मोफत गोळी मिळते, नोकरीवरून काढता येत नाही, परवानगीशिवाय रक्त तपासता येत नाही, हे सगळे कोणाच्या कृपेने झाले? ते कृपेने झालेले नाही. ज्यांना समाजाने बाहेर काढले त्यांनी ते भांडून मिळवले. हा इतिहास आंबेडकरी चळवळीने आपला मानून वाचला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

१८९७ : दंडुका आणि सेवा

साथीच्या काळात माणसाशी कसे वागायचे याचा धडा पुणे जिल्ह्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. रँडच्या समितीने सैनिक घेऊन घरे तपासली, माणसे उचलली, त्यांना छावण्यांत टाकले. सरकारच्या नजरेत रोगी म्हणजे धोका होता.

त्याच वेळी हडपसरजवळच्या माळरानावर डॉ. यशवंत फुले यांनी उभारलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याची सावलीही चालत नव्हती, त्याला पाठीवर घेणे ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट होती हे वेगळे सांगायला नको.

हे दोन मार्ग आपल्याला ठाऊक आहेत. पण आणखी एक, तिसरा मार्ग आहे. त्यात आजारी माणूस स्वतः उभा राहतो आणि म्हणतो, मी धोका नाही, दयेचा विषयही नाही, मी नागरिक आहे. एचआयव्हीच्या इतिहासात हा तिसरा मार्ग दिसतो.

१९८९ : गोव्यातले ६४ दिवस

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. त्यानंतर तीनच वर्षांत गोव्यात जे घडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण. तो नियमित रक्तदान करायचा. रक्तदानातूनच त्याला एचआयव्ही असल्याचे यंत्रणेला कळले; त्याला मात्र कोणी सांगितले नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यात बोलावले गेले आणि तिथून ताब्यात घेऊन एका वापरात नसलेल्या क्षयरोग्यांच्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले गेले. त्याने गुन्हा केला नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधिताला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती, तेवढे पुरेसे ठरले. तो ६४ दिवस तिथे होता.

त्याची आई ल्यूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. गावातले लोक, मित्र रस्त्यावर उतरले. डॉमिनिक सुटला. मात्र १९८९ च्या अखेरीस आलेल्या निकालात न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर व्यक्तीने मागे सरावे, असा त्या निकालाचा सूर होता.

हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? चवदार तळ्याचे पाणी आम्ही प्यालो तर 'समाजाचे' काय होईल, हाच प्रश्न १९२७ साली महाडमध्ये विचारला गेला होता. ज्या 'समाजाचे' हित सांगितले जाते, त्यात बाहेर काढलेल्या माणसाला धरलेलेच नसते. डॉमिनिक समाजात नव्हता का? त्याची आई समाजात नव्हती का?

डॉमिनिकची नोकरी गेली, पण तो लपला नाही. १९९२ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा मृत्यू झाला. खटला तो हरला, पण एचआयव्ही असलेला माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने बोलू शकतो हे त्याने देशाला दाखवून दिले.

नाव नसलेल्या कामगाराचा निकाल

दुसरा खटला मुंबईचा, १९९७ चा. फिर्यादी होता सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीत रोजंदारीवर काम करणारा मजूर. कायम करण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि त्याचे काम बंद झाले. तो काम करायला तंदुरुस्त होता, पण कंपनीला तंदुरुस्तीशी देणेघेणे नव्हते.

या मजुराने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्याला नाव न सांगता लढू दिले. म्हणून आजही कायद्याच्या पुस्तकांत तो 'एमएक्स' आणि कंपनी 'झेडवाय' या अक्षरांनी ओळखली जाते. जो माणूस काम करू शकतो आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खराखुरा धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काढता येणार नाही. तसे करणे संविधानाच्या कलम १४ आणि २१ च्या विरोधात आहे, असा निकाल लागला.

आठ वर्षांत एकाच न्यायालयाची भाषा एवढी बदलली. संविधान तेच होते. दरम्यान त्याचा आधार घेऊन उभी राहिलेली माणसे वाढली होती. बाबासाहेबांनी दिलेली कलमे आपोआप चालत नाहीत, ती कोणीतरी चालवावी लागतात. एका रोजंदारी मजुराने ती चालवली आणि त्याचे नावही आपल्याला माहीत नाही.

नाव कोण ठेवणार?

१९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे एड्स झालेल्या काही लोकांनी एक जाहीरनामा केला. आम्हाला 'बळी' म्हणू नका, आमच्याविषयी निर्णय होतील तिथे आम्हाला बसवा, ही त्यांची मागणी होती. १९९४ च्या पॅरिस परिषदेत ४२ देशांनी हे तत्त्व मान्य केले. भारतात १९९७ मध्ये चेन्नईत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे देशव्यापी नेटवर्क सुरू झाले. पुढे आपल्या पुण्यातून महाराष्ट्राचे नेटवर्क उभे राहिले. सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या सोबतीने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी १९९६ मध्ये 'व्हॅम्प' ही स्वतःची संघटना बांधली आणि निरोध वाटण्यापासून पोलिसांशी बोलण्यापर्यंतचे काम स्वतःच्या हातात घेतले.

या सगळ्यांनी आधी भाषेवर बोट ठेवले. 'एड्सग्रस्त', 'एड्सचा रोगी' हे शब्द नकोत, 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' म्हणा. काहींना हा शब्दांचा खेळ वाटतो. आपल्याला तरी तो तसा वाटू नये. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्यावरून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता. ज्याच्यावर नाव लादले जाते, त्याच्यावर त्या नावासोबत जागाही लादली जाते, हे त्यांना पक्के माहीत होते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९६३ च्या आपल्या पुस्तकात कलंकाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शरीरावरचा, चारित्र्यावरचा आणि जन्माने मिळालेल्या समूहाचा. एचआयव्हीच्या बाबतीत हे तिन्ही एका माणसावर एकत्र येतात. शरीर 'सडके' ठरते, चारित्र्य 'वाईट' ठरते आणि माणूस खालच्या जातीचा असेल तर 'त्यांच्यात असलेच चालते' हेही ऐकावे लागते.

गोळी कुठून आली?

१९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. आपल्या गावातला माणूस त्या किमतीत मेलाच असता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. हे शक्य झाले, कारण १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधावर मक्तेदारी दिली नव्हती. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मुभा होती.

त्यानंतरही सरकारी दवाखान्यात गोळी यायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला. मोफत एआरटी आठ केंद्रांवर सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून निदान होताच गोळी सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांची वर्षानुवर्षे पाहणी करून हे सिद्ध झाले आहे. म्हणजे विज्ञानाच्या बाजूने प्रश्न बराचसा सुटला आहे, तरीही ताटवाटी वेगळी का, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाकडे नाही.

२०१७ चा कायदा

संघटनांच्या आणि वकिलांच्या मागणीवरून २००६ च्या सुमारास कायद्याचा मसुदा तयार झाला. तो संसदेत २०१४ मध्ये आला, २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एवढ्या उशिरा आलेल्या कायद्यातही उपचार 'शक्य असेल तेवढे' देण्याची पळवाट ठेवली गेली. त्याविरुद्ध लोकांनी आवाज उठवला आणि ती टीका रास्त होती.

तरीही या कायद्यात काय आहे ते आपण पाठ केले पाहिजे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करायला बंदी आहे. लेखी संमतीशिवाय एखाद्याची माहिती फोडता येत नाही. एकत्र राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद होऊ शकते. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. त्याने ३० दिवसांत आणि तातडीच्या उपचाराच्या प्रकरणात २४ तासांत आदेश द्यायचा आहे. न्यायालयात नाव गुप्त ठेवून लढता येते. 'एमएक्स'ने मिळवलेली सवलत आता प्रत्येकाचा हक्क आहे.

आपल्या दोन तालुक्यांत

आता घरचे बोलू. जुन्नर आणि आंबेगाव हे रस्त्याचे आणि स्थलांतराचे तालुके आहेत. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगावावरून जातो, आळेफाट्याला त्याला कल्याण-नगर रस्ता छेदतो. टोमॅटो, कांदा, भाजीपाल्याच्या गाड्या रात्रभर धावतात. इथल्या कित्येक घरांतला एक माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहे : कोणी डबे पोहोचवणारा, कोणी वाशीच्या बाजारात माथाडी, कोणी ड्रायव्हर. खोलीत दहाजण, बायको गावाला, सुट्टी यात्रेला. अशा जगण्यात रोग शिरतो तेव्हा त्याचे कारण माणसाचे चारित्र्य नसते. गावात रोजगार नाही, म्हणून कुटुंब दोन ठिकाणी तुटते, हे त्याचे कारण असते.

पण गाव असा विचार करत नाही. गाव लगेच बोट दाखवते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रेच्या हंगामात सुपारी द्यायला गावोगावचे पुढारी फडांच्या राहुट्यांत येतात. तमाशात नाचणाऱ्या स्त्रियांना टाळ्याही तेच देतात आणि रोगाचा विषय निघाला की संशयही त्यांच्यावरच घेतात. ज्या जातींच्या स्त्रियांना समाजाने नाचायला लावले, त्यांनाच रोगाचे घर ठरवायचे, ही ब्राह्मणी नीतीची जुनी रीत आहे.

सर्वांत जास्त सोसावे लागते विधवेला. नवरा मुंबईहून आजारी होऊन येतो, मरतो. मग तिचे रक्त तपासले जाते. तिच्यामुळेच झाले, असे सासर म्हणते. घर जाते, जमिनीतला वाटा जातो. निराधार योजनेचा अर्ज करायचा तर कागद चार टेबलांवरून फिरतो आणि रोगाचे नाव गावात पोहोचते. या भीतीने हक्काच्या अनुदानाचा अर्जच न केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जवळ तपासणीची सोय असताना ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून एसटीने नव्वद-नव्वद किलोमीटर जाणारी माणसे पाहिली आहेत. गंमत म्हणजे त्यांची एसटी भोसरीवरून जाते, जिथे १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. देशाचे संशोधन आपल्या रस्त्यावर होते. देशाचा कायदा मात्र अजून आपल्या वाडीपर्यंत आलेला नाही.

आणि हे फक्त 'त्यांच्या' आळीत चालते असे समजू नका. बुद्धविहाराला लागून असलेल्या आपल्या वस्तीतही एचआयव्ही असलेल्या बाईच्या हातचा चहा टाळला जातो. तिचा पेला वेगळा धुतला जातो. महाडला आपण पाणी प्यालो, तेव्हा सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले होते. पेला वेगळा धुणारा आज कोणाच्या रांगेत उभा आहे, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की जात जन्माने मिळते, एचआयव्ही वागणुकीने. तुलना कशी करता? दोन्ही एक नाहीत, हे मीही मानते. जातीला हजारो वर्षांच्या शास्त्रांचा आधार आहे, तसा एचआयव्हीच्या कलंकाला नाही. पण आईच्या पोटातून लागण झालेल्या मुलाची वागणूक कोणती? लग्न करून आलेल्या, घराबाहेर न पडलेल्या बायकोची कोणती? आणि समजा वागणुकीनेच झाला, तरी उपचाराच्या हक्काला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

दुसरा आक्षेप, हा आपल्या चळवळीचा विषय नाही. इतिहास वेगळे सांगतो. लैंगिक ज्ञान छापले म्हणून 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, पण शरीराच्या प्रश्नावर गप्प बसणे म्हणजे शील नव्हे, हे त्यांनी आपल्या कृतीने सांगितले. १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना त्यांनी तो व्यवसाय सोडण्याचे आवाहन केले, याचा दाखला काहीजण तुच्छतेसाठी देतात. पण बाबासाहेब त्यांच्या सभेला गेले होते, त्यांच्याशी समोरासमोर बोलले होते. आजारी स्त्रीला दारातून परत पाठवणाऱ्याला त्या भाषणाचा आधार घेता येणार नाही.

धम्म काय सांगतो

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. इतरांनी त्याला सोडून दिले होते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले, तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? लक्षात घ्या, बुद्धांनी सेवा केली आणि लगेच तिचा नियमही केला. सेवा मर्जीवर सोडली नाही.

जुन्नरच्या लेण्यांवर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. साध्या कष्टकऱ्यांनी अनोळखी भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी ही दाने दिली. त्या लेण्यांखालच्या गावांत आज आपल्याच माणसाला घरात जागा नसावी?

करण्यासारखे फार अवघड नाही. प्रत्येक बुद्धविहारात वर्षातून एकदा तरी २०१७ च्या कायद्याचे वाचन व्हावे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी निराधार योजनेचा अर्ज गुप्तता राखून कसा पुढे न्यायचा हे शिकून घ्यावे आणि विधवेसोबत तहसीलला जावे. दवाखान्यात कोणी नकार दिला तर तो लेखी मागावा; लेखी मागितला की बहुतेक नकार विरघळतात. लोकपालाकडे तक्रार कशी करायची हे आशाताईंना, शिक्षकांना, आपल्या मंडळांना माहीत असावे. आणि १ डिसेंबरच्या कार्यक्रमात भाषण कोणाचे ठेवायचे, हे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेला विचारून ठरवावे. कोणी पुढे येणार नसेल तर त्याला ढकलू नये. चेहरा दाखवणे ही त्याची जबाबदारी नाही. त्याला चेहरा लपवावा लागू नये, ही आपली आहे.

डॉमिनिकने ६४ दिवस भोगले. एका मजुराने आपल्या नावाऐवजी दोन अक्षरे घेऊन निकाल मिळवला. त्यांनी अर्धे काम करून ठेवले आहे. उरलेले अर्धे न्यायालयात होणार नाही. ते आपल्या ओट्यावर, आपल्या पेल्यापाशी होणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!